झऱ्यावरचा मग

सोमवारी सकाळी बेरिल वाइल्डगूज पाण्याचा डबा घेऊन झऱ्यावर गेली, तर झऱ्याला फाटक लागलेलं होतं.

शुक्रवारी ती डर्बीला बहिणीकडे गेली तेव्हा ते नव्हतं. त्याआधीही कधी नव्हतं. चुनखडीच्या भिंतीत एक गाय जाईल एवढी फट होती, ती ओलांडली की चार पायऱ्या, खाली दगडी कुंड आणि कुंडाच्या मागच्या खडकातून येणारं पाणी. आता त्या फटीत काळं लोखंडी फाटक उभं होतं. वर सोनेरी टोकं, मधोमध कुलूप. शेजारी भिंतीत नवी कोरी पाटी बसवली होती: ‘हॅदरवेल घराण्याचा झरा. खासगी जागा.’

बेरिलने पाटी वाचली. पुन्हा वाचली. नंतर गजांना कपाळ टेकून आत पाहिलं. कुंडावरच्या कोनाड्यात मग नव्हता.

तो एनॅमलचा पांढरा मग होता, कडेला टवके उडालेला. कोणीही यावं, पाणी प्यावं आणि मग कोनाड्यात पालथा घालून जावं. उताणा ठेवला तर त्यात पानं पडतात, चिलटं बुडतात. हे गावातल्या शेंबड्या पोरालासुद्धा सांगावं लागत नसे. मगाच्या बुडावर काळ्या रंगात गावाचं नाव होतं. मग पालथा घातला की नाव वर यायचं: हॅदरवेल.

गावाचं नाव हॅदरवेल. गावात वाइल्डगूज होते, फर्न होते, बंटिंग तर पैशाला पासरी. पण आडनाव हॅदरवेल असलेलं माणूस गावात एकही नव्हतं. गेल्या वर्षी वॉरिक हॅदरवेल नावाच्या गृहस्थाने ऑस्ट्रेलियातल्या खाणी विकून टेकडीवरचा हॉल, म्हणजे जुना जमीनदारी वाडा, विकत घेतला, तेव्हा पहिल्यांदा ते माणूस आलं. हॉलबरोबर भोवतीचं रानही आलं, आणि कागदोपत्री झऱ्याचं आवार त्या रानात होतं. हे सगळ्यांना माहीत होतं. कोणालाच त्याचं काही वाटलं नव्हतं.

बेरिलने रिकामा डबा फाटकावर आपटला. आवाज मोठा झाला, पण तेवढ्याने तिचं भागलं नाही.

*

फर्नांच्या कोठारात ग्लेनिस बंटिंग अनवाणी चिकणमाती तुडवत होती. झरा सजवण्याचा आठवडा होता. दर वर्षी मेअखेरीला गाव मोठ्या लाकडी फळ्यांवर माती थापतं, मातीत फुलांच्या पाकळ्या, बिया, शेवाळ, दगडफूल रोवून चित्र काढतं आणि शनिवारी ती चित्रं झऱ्यावर उभी करतं. फळ्या चार दिवसांपासून तळ्यात भिजत होत्या. माती ओली राहावी म्हणून तिच्यात मीठ पडलं होतं. पोटऱ्यांपर्यंत मातीने माखलेल्या ग्लेनिसने बेरिलचा चेहरा पाहिला आणि तुडवणं थांबवलं.

“पाहिलंस वाटतं.”

“पाहिलं. कधी केलं हे?”

“शनिवारी. व्हॅन घेऊन माणसं आली होती. मी म्हटलं, काय रे बाबांनो, काय चाललंय? तर म्हणतात, सुरक्षा.”

“सुरक्षा कोणापासून?”

“तुझ्यापासून, बये. रोज डबाभर पाणी चोरून नेतेस.”

बेरिलला हसू आलं नाही. “आणि कोनाड्यातला मग कुठाय?”

“मग?” ग्लेनिसचा चेहरा उतरला. “मग पण गेला?”

तेवढ्यात डेस्मंड फर्न आला. त्याचं कोठार, त्याचाच पब आणि सजावट समितीचा अध्यक्षही तोच. हातात बेकन घातलेल्या पावांची पिशवी होती. डेस्मंड शाळेत बेरिलच्या बाकावर बसायचा आणि तेव्हापासून काही चुकलं की खायला आणायचा.

“खाऊन घे आधी,” तो म्हणाला.

“काय कबूल करून आलास ते सांग आधी.”

डेस्मंडने पिशवी ओट्यावर ठेवली. “शांतपणे ऐक. फाटक आठवडाभर उघडं राहणार आहे. शनिवारचा कार्यक्रम नेहमीसारखा होणार. चर्चच्या व्हिकरबाई येणार, बँड येणार, सगळं. तो म्हणाला, त्याला आनंदच आहे.”

“आणि त्या बदल्यात?”

“वरच्या कमानीवर तीन शब्द. हॅदरवेल घराण्याचा झरा. बाकी चित्र आपलंच.” डेस्मंडने घसा खाकरला. “आणि पहिला मग तो देणार. घराण्याचा प्रमुख म्हणून. चांदीचा पेला करवून घेतलाय त्याने.”

पलीकडे अल्डर झाडाची काळी बोंडं निवडत बसलेल्या दोघी बायकांचे हात थांबले.

पहिला मग ही हॅदरवेलची जुनी रीत होती. आशीर्वाद झाला की फुलं लावणाऱ्यांतली मुख्य बाई कुंडातून मग भरते आणि त्या दिवशी सगळ्यात लांबून गावात आलेल्या माणसाला देते. तो प्यायला की बाकीचे पितात. कोणी लंडनहून आलेलं असतं, कधी कोणाची मुलगी स्पेनहून आलेली असते. एकदा वाट चुकलेला जर्मन सायकलवाला होता. गेली कित्येक वर्षं तो मग बेरिलच भरत होती.

“तू हो म्हणालास,” बेरिल म्हणाली.

“मी काय करू? आवार त्याचं आहे.”

“वहिवाट आपली आहे!”

“कोर्टात जाऊन सांगशील? तो तिथे चार वकील आणून बसवेल. आपल्याकडे एक वकील आहे, तो पण बंटिंगांचा जावई, आणि तो घरं विकण्याची कागदपत्रं करतो.” डेस्मंडचा आवाज चढला, कारण तो घाबरला होता. “नाही म्हटलं असतं तर शनिवारी सगळे कुठे जमले असते? माझ्या गाड्या लावायच्या जागेत? त्या फळ्या पबच्या भिंतीला टेकवायच्या होत्या?”

“हो! टेकवायच्या होत्या!”

“बेरिल, तीनच शब्द आहेत.”

“मी नाही लावणार. तूच लाव तुझ्या जाड्या बोटांनी.”

ती दाराकडे निघाली. ग्लेनिस मातीतून बाहेर न येताच म्हणाली, “कमान शेवटी असते गं.”

बेरिल थांबली.

“चित्र खालून वर लावतात,” ग्लेनिस म्हणाली. “कमान शुक्रवारी येणार. तोवर बोकडाचे पाय तरी लावून टाक. ते तुझ्याशिवाय कोणाला जमत नाहीत.”

*

पाकळ्या खालून वर लावतात, कारण प्रत्येक वरची पाकळी खालच्या पाकळीवर थोडी चढवायची असते, घरावरच्या कौलांसारखी. पाऊस पडला तर पाणी वरच्या वर ओघळून जातं. वरून सुरुवात केली तर पहिल्या सरीतच चित्र सोलून निघतं. हे काम रागाच्या भरात करता येत नाही. मंगळवारी बेरिलने बोकडाचा एक खूर चार वेळा उचकटला.

चित्र हिवाळ्यातच ठरलं होतं: झऱ्यावर पाणी पिणारा बोकड. चुकलेल्या बोकडाने हा झरा शोधला आणि त्याच्यामागे माणसं आली, असं गावात सांगतात. शाळेतल्या बाईंनीही तेच शिकवलं होतं. जुन्या बोलीत नावाचा पहिला अर्धा बोकडाचा, दुसरा, ‘वेल’, झऱ्याचा. बोकडाची दाढी खऱ्या लोकरीची करायची होती, ती बंटिंगांच्या मेंढ्यांनी कुंपणाच्या तारेवर सोडलेली.

बुधवारी दुपारी वॉरिक हॅदरवेल कोठारात आला. उंच, उन्हाने रापलेला, पन्नाशीचा माणूस. अंगात नवं ट्वीडचं जाकीट. आत येताना त्याने दारातल्या पायपुसण्यावर बूट नीट पुसले. बेरिलला त्याचाही राग आला.

“वा,” तो फळीसमोर उभा राहून म्हणाला. “काय सुंदर काम आहे. पण बोकड कशाला?”

“गावाचं नाव त्याच्यावरून आहे,” बेरिल म्हणाली. वर न बघता.

तो हसला. मोकळं हसू होतं. “नाही, नाही. आमचं नाव हेदरच्या फुलांवरून आहे. माळावरची जांभळी फुलं. आमच्या चिन्हावरही तीच आहेत. माझ्या आजोबांनी काढून घेतलं होतं ते चिन्ह, पर्थला असताना.”

“तुमचं असेल. गावाचं बोकडावरून आहे.”

“पण दोन्ही एकच ना, मिसेस वाइल्डगूज? नाव आमच्याकडून गावाला आलं.” अगदी पावसापाण्याचं बोलावं तसं तो हे बोलला. “मी चर्चच्या आवारात सगळ्या थडग्यांवरची नावं वाचली. आमचं एकही नाही. मी व्हिकरबाईंना म्हटलं, मोठी माणसं चर्चच्या आतच पुरलेली असणार. जमिनीत. जाजमाखाली.”

ग्लेनिसने हसू दाबायला चहाबरोबरचा अख्खा स्कोन तोंडात कोंबला.

“मग कुठाय?” बेरिल म्हणाली.

“अं?”

“कोनाड्यातला मग. पांढरा.”

त्याचा चेहरा उजळला. “तो अगदी सुरक्षित आहे. काळजी करू नका. माझ्या माणसांनी तो जवळजवळ कचऱ्यात टाकला होता, पण मी बूड पाहिलं. आमचं नाव! हाताने लिहिलेलं! असा एक तरी पुरावा सापडेल म्हणून मी वर्षभर शोधत होतो. काचेच्या पेटीत ठेवलाय. शनिवारी आणणार आहे सगळ्यांना दाखवायला.”

बेरिल उभी राहिली. तिच्या मांडीवरच्या बटरकपच्या पाकळ्या जमिनीवर सांडल्या.

“तो मग माझ्या नवऱ्याचा आहे.”

“तुमच्या?” वॉरिक गोंधळला. नंतर त्याने मान थोडी तिरकी केली, लहान मुलाशी बोलताना करतात तशी. “तुमच्या मिस्टरांचं आडनाव वाइल्डगूज होतं ना?”

इतकं सांगायचं होतं की सगळं एकदमच घशात येऊन अडकलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने हात वर करून माफी मागितली आणि बोलत बोलत बाहेर गेला. जाताना पुन्हा पायपुसण्यावर बूट पुसले.

“बोलली का नाहीस?” ग्लेनिस म्हणाली.

“मारलं असतं मी त्याला.”

“तेही चाललं असतं. माझी दोन्ही पोरं साक्ष द्यायला आली असती, की तो आपला आपणच पडला.”

बेरिल खाली बसून पाकळ्या गोळा करू लागली. तिच्या नवऱ्याला, लेनला, जाऊन दोन हिवाळे झाले होते. शेवटच्या उन्हाळ्यात झऱ्यावरचा जुना पत्र्याचा मग गंजून फुटला, तेव्हा लेनने घरातून आपला कारखान्यातला मग आणून तिथे ठेवला होता. “मला आता कुठे कारखान्यात जायचंय,” एवढंच तो म्हणाला होता. आणि तो काचेच्या पेटीत ठेवलाय म्हणे. पुरावा म्हणून.

*

शुक्रवारी दुपारपर्यंत बोकड पुरा झाला, पाणी पुरं झालं, निळ्या हायड्रेंजियाचं आकाश पुरं झालं. राहिली कमान. डेस्मंडने तीन शब्दांची कागदी पट्टी आणून ओट्यावर ठेवली. ती मातीवर अंथरून अक्षरांच्या कडेने टाचणीने टोचायचं, भोकांच्या रेषेवर अल्डरची बोंडं बसवायची आणि आत पाकळ्या भरायच्या. दुपारभराचं काम.

बेरिलने कमानीवर माती थापली. हाताने गुळगुळीत केली. ओल्या फडक्याने पुसली. नंतर हात धुतले आणि कोट घातला.

“आणि शब्द?” डेस्मंडने विचारलं.

“नाही लावणार.”

“बेरिल—”

“डेस्मंड, मी यात खोटं कधी लावलेलं नाही. प्लास्टिकचं एक पान लावलं नाही, रंगवलेली एक बी लावली नाही. तू मला आता खोटं लावायला सांगतोयस.”

“तो फाटक उघडणार नाही!”

“नको उघडू दे.”

“मी शब्द दिलाय गं त्याला.”

“तू दिलायस, तूच निस्तर.”

डेस्मंड ग्लेनिसकडे वळला. ग्लेनिस फडकं पिळत म्हणाली, “माझ्याकडे बघू नकोस. मला स्पेलिंग येत नाही.”

रात्री डेस्मंडने फळीवर ओलं पोतं टाकलं, कमान झाकली आणि कोणालाच काही कळवलं नाही. त्याचा स्वभावच तो होता. उद्याचं संकट उद्यापर्यंत झाकून ठेवायचं.

*

शनिवारी ऊन पडलं होतं. फाटक सताड उघडं होतं. बंटिंगांच्या पोरांनी फळ्या आणून कुंडामागे उभ्या केल्या आणि पोतं काढलं. आकाशाच्या वर कोऱ्या मातीची कमान होती, ओली, चकचकीत. लोकांनी पाहिलं आणि ते कुजबुजू लागले. कोणी म्हणालं, वेळ पुरला नसेल. कोणी नुसतं बेरिलकडे पाहिलं.

वॉरिक बँडच्या मागून पायऱ्या उतरला. एका हातात चांदीचा पेला, दुसऱ्या हातात निळ्या मखमलीची उशी आणि उशीवर लेनचा मग. कमान दिसताच तो थबकला.

“मिस्टर फर्न,” तो हळू आवाजात म्हणाला, “आपलं काहीतरी ठरलं होतं.”

डेस्मंड मानेपर्यंत लाल झाला आणि बुटांकडे बघत राहिला.

व्हिकर जोसेलिन पाच गावं सांभाळायची. पुढचा झरा तिची वाट बघत होता. तिने घाईघाईने प्रार्थना म्हटली आणि पाण्यावर हात धरून आशीर्वाद दिला. आमेन झालं. बेरिल सवयीने कुंडाकडे निघाली, पण वॉरिक तिच्या आधी पुढे झाला.

“मित्रहो,” तो म्हणाला, “दोनच शब्द बोलतो. कमान रिकामी राहिली, काही हरकत नाही. मातीपेक्षा पक्का पुरावा माझ्याकडे आहे.” त्याने उशी कुंडाच्या काठावर ठेवली, तिच्यावरचा मग उचलला आणि बूड लोकांकडे केलं. “शतकांपूर्वी माझ्या पूर्वजांनी या गावाला आपलं नाव दिलं. आज त्यांच्याच झऱ्यावर, त्यांच्या नावाचा हा मग—”

मागून कोणीतरी फसकन हसलं. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बंटिंगने मोठ्याने विचारलं, “तो लेनचाच ना?”

बेरिलने पुढे होऊन त्याच्या हातातून मग घेतला. वॉरिकने अडवलं नाही. एवढ्या लोकांसमोर एका बाईच्या हातातून मग हिसकावणं त्याला जमलं नसतं.

“लेनचाच,” ती म्हणाली. बुधवारी जे घशात अडकलं होतं ते आता सरळ बाहेर येऊ लागलं. “लेन वाइल्डगूज. माझा नवरा. चर्चच्या आवारात पुरलाय, जाजमाखाली नाही.”

“मिसेस वाइल्डगूज, यावर स्वच्छ लिहिलंय—”

“लिहिलंय, कारण शेफिल्डच्या कारखान्यात त्याच्या भट्टीवर लेन नावाचे आणखी दोघे होते. हाक मारली की तिघंही वळायचे. मुकादम वैतागला. याला म्हणाला, कुठला रे तू? हा म्हणाला, हॅदरवेलचा. झालं. त्या दिवसापासून तिथे तो हॅदरवेल. मगावर मुकादमानेच रंगवून दिलंय. तिथे त्याला वाइल्डगूज म्हणून कोणी ओळखत नव्हतं.” तिने श्वास घेतला. “आणि शनिवारी बसमधून इथे उतरला की परत लेन. इथे त्याला कोणी हॅदरवेल म्हणून हाक मारली असती, तर सगळं गाव वळलं असतं.”

आता बरेच जण हसले. वॉरिक हसला नाही.

“ही एका कारखान्यातली गंमत झाली. मी शेकडो वर्षांपूर्वीचं बोलतोय.”

“मीही तेच बोलतेय. तेव्हा काय वेगळं होतं? इथे राहणाऱ्याला गावाचं नाव कोण देणार, आणि कशाला? आम्ही सगळेच हॅदरवेलचे. ते नाव मिळतं बाहेर. गाव सोडून जातो त्याला मिळतं. तुमचा कोणीतरी या वाटेने निघून गेला. पोटासाठी गेला असेल, नाहीतर याच गावाने हाकलला असेल, मला ठाऊक नाही. जिथे पोचला तिथे त्याला कोणीतरी विचारलं, कुठला रे तू? म्हणून तुमचं थडगं इथे नाही. तुम्ही वर्षभर उगीच शोधलंत. गेलेल्याचं थडगं गावात कसं सापडणार?” तिचा आवाज आता चिरकत होता, पण ती थांबली नाही. “गावाने तुम्हाला नाव दिलंय, मिस्टर हॅदरवेल. तुम्ही गावाला दिलेलं नाही. आणि ज्याने दिलं त्याच्याच तोंडावर तुम्ही कुलूप लावलंत!”

ती वाकली, मग कुंडात बुडवून भरला आणि त्याच्यासमोर धरला.

“ऑस्ट्रेलियाहून आलात. आज इथे तुमच्याइतक्या लांबून कोणी आलेलं नाही. पहिला मग तुमचा. घ्या.”

हे तिने ठरवलं नव्हतं. रीत होती म्हणून हात पुढे झाला. पण तो पुढे झाल्यावर तिला कळलं की यापेक्षा चांगली चपराक तिला शोधूनही सापडली नसती, आणि यापेक्षा मोठा मानही तिच्याजवळ दुसरा नव्हता.

वॉरिकने मगाकडे पाहिलं. पाणी काठावरून त्याच्या नव्या बुटांवर ठिबकत होतं. व्हिकर जोसेलिनचा हात अजून अर्धा वर होता.

“मी इथे पाहुणा नाही,” तो शेवटी म्हणाला. “मी मालक आहे.”

“मालकाला पहिला मग मिळत नाही.”

क्षणभर वाटलं, तो घेईल. त्याची बोटं हलली. नंतर त्याने चांदीचा पेला काखेत मारला. “उद्या सकाळी हे फाटक बंद होईल,” तो डेस्मंडला म्हणाला, “आणि पुढचं माझे वकील बोलतील.” तो पायऱ्या चढून गेला. मखमलीची उशी कुंडाच्या काठावर राहिली.

बेरिल भरलेला मग धरून उभी होती. राग एवढा होता की पाणी हिंदकळत होतं.

“पुढचं लांबचं कोण?” ग्लेनिसने गर्दीला विचारलं. “लाजू नका, पाणी गार होतंय.”

गर्दीतून एक म्हातारं जोडपं पुढे आलं. कॉर्नवॉलहून गाडीने आले होते, इथे काय चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता. ते प्यायले. त्यांच्यामागे रांग लागली.

रांग संपत आली तेव्हा वरून लोखंडाचा करकर आवाज आला. बेरिलने मान वळवली. डेस्मंड फर्न कोट काढून, बाह्या सरसावून फाटकाशी उभा होता. फाटक वरून उचललं की बिजागरीच्या खुंट्यांमधून सुटत होतं. फाटक उचलता येऊ नये म्हणून वरची खुंटी उलटी बसवतात; घाईत बसवणाऱ्यांनी ती तशी बसवली नव्हती. डेस्मंड एकटाच जोर लावत होता, चेहरा बिटासारखा झाला होता.

“अरे, पोरांना बोलाव की!” ग्लेनिस ओरडली.

“शब्द मी दिला होता,” डेस्मंड धापा टाकत म्हणाला. “निस्तरायला मीच नको का?”

तरी बंटिंगांची पोरं धावलीच. फाटक सुटलं. चौघांनी ते खांद्यावर घेतलं, पाटी उचकटून वर ठेवली, आणि काय करावं हे न कळून बँड त्यांच्यामागे निघाला. कोणी सांगितलं नसताना ढोलवाल्याने ठेका धरला. भर दुपारी, सगळ्या गावासमोर, हॅदरवेल घराण्याचं फाटक टेकडी चढून हॉलच्या दाराशी गेलं आणि तिथे भिंतीला नीट टेकवून ठेवलं गेलं. एक ओरखडाही पडू दिला नाही. डेस्मंडने दार वाजवलं नाही.

बेरिल गेली नाही. ती झऱ्यावर थांबली. मग धुतला आणि कोनाड्यात पालथा घातला.

*

रविवारी सकाळी ती डबा घेऊन निघाली तेव्हा राग गेलेला नव्हता. झोपेतही तिने त्याला बरंच काही सुनावलं होतं. भिंतीत पुन्हा फट होती. कोरी कमान वाळून तिला आडवी चीर पडली होती. वकील येतील तेव्हा येतील. वहिवाटीचं बोलायला उभं राहायची तिची तयारी होती, आणि आता डेस्मंडचीही.

रात्री दव पडलं होतं. झऱ्याभोवतीचं गवत पांढुरकं दिसत होतं. त्यात पावलांची एक हिरवी रेघ हॉलच्या रानातून उतरून पायऱ्यांपर्यंत आली होती आणि तशीच परत गेली होती. एकाच माणसाची पावलं, मोठ्या बुटांची. कुंडावरची मखमलीची उशी नाहीशी झाली होती.

मग कोनाड्यात होता. उताणा. तळाशी घोटभर पाणी उरलं होतं आणि त्यात एक चिलट तरंगत होतं.

बेरिलने वळून टेकडीकडे पाहिलं. हॉलच्या खिडक्यांवर ऊन होतं, आतलं काही दिसत नव्हतं.

“प्यायचं तर काल सगळ्यांसमोर प्यायचं होतं,” ती मोठ्याने म्हणाली. “आणि निदान पालथा तरी घालायचा!”

तिने चिलट फेकलं, मग विसळला आणि नाव वर येईल असा कोनाड्यात ठेवला. नंतर डबा कुंडात बुडवला.